वाचायची प्रत आणि सहीची प्रत

प्रश्न:

नमस्कार ताई,

गेली काही वर्षं मी फक्त ई-रीडरवर वाचते. डोळ्यांच्या त्रासामुळे मला टाइप मोठा लागतो आणि मनगट दुखतं, त्यामुळे जाड पुस्तक फार वेळ हातात धरवत नाही. माझ्या सर्वांत आवडत्या लेखिका पुढच्या महिन्यात जवळच्या एका पुस्तकाच्या दुकानात येणार आहेत. आधी गप्पा, मग सह्या. त्यांची सगळी पुस्तकं माझ्याकडे आहेत, पण एकही कागदावर नाही. नवी मोठी कादंबरी तर आली त्याच आठवड्यात घेऊन वाचून संपवली.

त्यांचा एक जुना, लहानसा कथासंग्रह आहे. आई आजारी होती तेव्हा रात्री तिच्या उशाशी बसून मी तो वाचला. खोलीत दिवा लावता येत नव्हता, स्क्रीन होती म्हणूनच वाचता आला. ते पुस्तक माझं किती आहे हे मला शब्दांत सांगता येत नाही.

नवरा म्हणतो, वाचून झालेलं पुस्तक पुन्हा कागदावर कशाला? घरात जागा कुठे आहे? मैत्रीण म्हणते, रीडरच्या पाठीवर सही घे, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सही माग. मला मात्र रिकाम्या हातानं रांगेत उभं राहण्याची लाज वाटते. आणि मी छापील पुस्तकं वाचत नाही हे लेखिकेला सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल का?

— एक स्क्रीनवर वाचणारी

उत्तर:

एक छापील प्रत घ्या. एकच. ती कार्यक्रम ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या, आणि जमलं तर नवी कादंबरी सोडून तो जुना कथासंग्रह घ्या. वाचन आहे तसं रीडरवरच चालू द्या. तुमच्या पत्रात तीन-चार वेगळ्या चिंता एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सुट्या करून पाहिल्या की निर्णय अवघड राहत नाही.

आधी लाजेचं बघू. लेखिकेचं तुम्ही काहीही देणं लागत नाही. त्यांची सगळी पुस्तकं तुम्ही पैसे मोजून घेतली आहेत. ई-पुस्तकातून लेखकाच्या हाती काही पडत नाही असं पुष्कळ वाचकांना वाटतं, ते खरं नाही. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांत रूढ असलेले दर पाहा. ई-पुस्तकावर, प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष येणाऱ्या रकमेच्या २५ टक्के. पुठ्ठा बांधणीच्या प्रतीवर छापील किमतीच्या १० ते १५ टक्के, आणि साध्या बांधणीच्या प्रतीवर साधारण साडेसात टक्के. हिशोबाचा पाया वेगळा असल्यामुळे कशातून जास्त मिळतं हे पुस्तकागणिक बदलतं. पण स्क्रीनवर विकत घेऊन वाचणारा वाचक लेखकाच्या हिशोबात पुरेपूर असतो. स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्या अनेक लेखकांचा तर संसारच ई-पुस्तकांवर चालतो.

देणं असलंच तर ते दुकानाचं आहे. तुम्ही ऑनलाइन घेतलेल्या ई-पुस्तकांतून या दुकानाला बहुधा काहीच मिळालेलं नाही. कार्यक्रमासाठी प्रती मागवायच्या, जागा मोकळी करायची, माणसं उशिरापर्यंत थांबवायची, उरलेले गठ्ठे बांधून परत पाठवायचे, हा सगळा भार दुकानावर. वाचकाला ही भेट फुकट वाटते ती त्या संध्याकाळी विकल्या जाणाऱ्या प्रतींच्या जिवावर. म्हणून बऱ्याच ठिकाणी नियम असतो की सही हवी तर किमान एक प्रत इथून घ्यावी, घरून आणलेल्या एक-दोनच चालतील. काही ठिकाणी पुस्तकाची किंमत प्रवेशिकेतच धरलेली असते. हे नियम जाचक वाटतात खरे. पण मी अशा टेबलाच्या दुकानदाराकडच्या बाजूला बसले आहे. खुर्च्या भरलेल्या, टाळ्यांचा कडकडाट, आणि पुस्तकांचा ढीग होता तसाच, हे मी पाहिलं आहे. असं वारंवार झालं की तो दुकानदार पुढच्या लेखकाला बोलावायला धजत नाही. चार पैसे वाचतात म्हणून दुसरीकडून प्रत मागवायची आणि सहीसाठी इथे घेऊन यायची, हे मला अजिबात पटत नाही.

आता नवऱ्याचा मुद्दा. मजकुरापुरतं त्यांचं बरोबर आहे. मजकूर तुमच्याजवळ आहे, वाचून झाला आहे, आणि तुमच्या डोळ्यांना तो स्क्रीनवरच नीट दिसतो. पण सहीला वस्तू लागते. ई-पुस्तक घेताना आपण वस्तू घेतच नाही, मोठ्या ऑनलाइन दुकानांतून तर आपण घेतो तो वाचण्याचा परवाना. एरवी हा फरक जाणवत नाही, जाणवतो तेव्हा मात्र फार लागतो. २००९ साली ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून घेतल्या. ज्यानं त्या विक्रीला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी त्यात केलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा तिथून घेतलेली सगळी पुस्तकं वाचकांच्या हातून गेली. किंमत पूर्ण परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा किंवा खुणा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. आपण समासात लिहिलेल्या ओळींचा मोबदला २५ डॉलर! त्या जागी तुमच्या लेखिकेनं तुमच्या नावानं लिहिलेल्या दोन ओळी असत्या तर काय, एवढंच मनात आणून पाहा.

दुसऱ्याला देण्याचंही तसंच. त्याच २०१९च्या डिसेंबरमध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की वापरलेली ई-पुस्तकं जुन्या पुस्तकांसारखी पुन्हा विकता येणार नाहीत. छापील प्रत तुम्ही विकू शकता, भाचीला देऊ शकता, मागे ठेवून जाऊ शकता. बहुतेक दुकानांचा ई-पुस्तकांचा परवाना खातेदाराच्या नावाशी बांधलेला असतो.

कुलूप नसलेल्या, म्हणजे एकाच खात्याला न बांधलेल्या, ईपब फायली (ई-पुस्तकांचा एक प्रचलित प्रकार) विकणारे प्रकाशकही आहेत. तशी फाइल आपल्याजवळ नीट जपून ठेवता येते आणि त्यात सहीचं चित्रही घालता येतं. मैत्रिणीचा इलेक्ट्रॉनिक सहीचा सल्ला त्यामुळे अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. २०११ साली किंडलग्राफ नावाची सेवा सुरू झाली होती. वाचकानं विनंती पाठवायची, लेखकानं सहीसह दोन ओळी लिहायच्या, आणि ते पान वाचकाच्या किंडलवर यायचं. मात्र ते स्वतंत्र पान असे, पुस्तकात शिवलेलं नसे. ज्या वाचकाला लेखकापर्यंत कधी पोचताच येणार नाही, त्याच्यासाठी ही कल्पना चांगली आहे. लेखिका समोर बसलेल्या असताना त्यांच्याकडून चित्र मागणं मला अपुरं वाटतं.

यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती लाँगपेनची हकिकत. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांना पुस्तकाच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडताना वाटलं की घरी बसून दूरच्या वाचकाला सही देता आली पाहिजे. २००६ साली ते यंत्र लोकांसमोर आलं. लेखक इकडे स्क्रीनवर लिहितो, वाचकाशी व्हिडिओवर बोलतो, आणि तिकडे एक यांत्रिक हात खऱ्या पेनानं खऱ्या पुस्तकावर तीच अक्षरं उमटवतो. इतकी खटपट करूनही शेवट कागदावर आणि शाईतच केला, चित्र पाठवून भागवलं नाही. आणि हाताचं महत्त्व किती, ते २०२२ साली दिसलं. अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ५९९ डॉलरच्या प्रती हाताने सही केलेल्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्या ताडून पाहिल्या तेव्हा त्या यंत्रानं केलेल्या निघाल्या. प्रकाशकानं पैसे परत केले, डिलन यांनी जाहीर माफी मागितली. प्रत तीच, शब्द तेच, सहीचं वळणही त्यांचंच. तरी लोक दुखावले, कारण तो माणूस आपल्या प्रतीपाशी एक क्षणही थांबला नव्हता. तुमच्या रांगेत तो क्षण खराखुरा मिळणार आहे. तो टिकेल अशा जागी घ्या.

रीडरच्या पाठीवर सही घेणारे वाचक आहेत आणि लेखकही ती आनंदानं देतात. पण यंत्राची बॅटरी काही वर्षांत थकते, नवं यंत्र घ्यावं लागतं, आणि गुळगुळीत प्लास्टिकवरची मार्करची सही हाताळून पुसट होते, स्पिरिटच्या बोळ्यानं तर सहज निघून जाते. तरी हौस असेल तर रीडरच्या कापडी किंवा चामडी कव्हरच्या आतल्या बाजूला घ्या, ते कव्हर वेगळं काढून ठेवता येतं. स्क्रीनवर मात्र चुकूनही नको.

मग प्रत कोणती? टेबलावर नव्या कादंबरीचे ढीग असतील, दुकानालाही ती खपवायची असेल आणि रांगेतल्या बहुतेकांच्या हातात तीच दिसेल. तुम्ही ती वाचलीत, आवडली असेल, पण पत्रात तिच्याबद्दल एक ओळ आहे आणि कथासंग्रहाबद्दल सगळा जीव आहे. तुमची सही त्याच पुस्तकावर असायला हवी. एक व्यवहाराचा फायदाही आहे. लहान संग्रह मनगटाला पेलेल, आणि एखादी कथा उजेडात, भिंग घेऊन, सावकाश वाचायचा हट्ट कधी केलाच तर तो पुरा होईल. नाही वाचलीत तरी हरकत नाही. वाचायची प्रत आणि सहीची प्रत एकच असली पाहिजे असा कुठेही नियम नाही. कागदाचे कट्टर वाचकसुद्धा खुणा करायला एक साधी आणि जपायला एक चांगली, अशा दोन प्रती ठेवतातच.

जुनं पुस्तक दुकान आपणहून मागवेलच असं नाही. तेव्हा लगेच फोन करा आणि ‘मला हा संग्रह कार्यक्रमासाठी हवा आहे, माझ्या नावानं एक प्रत मागवाल का’ असं विचारा. महिना हाताशी आहे, पुस्तक अजून बाजारात मिळत असेल तर येईल. त्याच फोनवर जुन्या पुस्तकांवर सही मिळणार आहे ना, तेही विचारून घ्या, कारण गर्दी मोठी असली की काही वेळा फक्त नव्या पुस्तकावरच सही देतात. संग्रह बाजारात उरलेलाच नसेल तर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मिळवा, आणि दुकानाचा मान म्हणून कार्यक्रमात दुसरं काही घ्या. नवी कादंबरी घेऊन ती कुणाला भेट दिलीत तर तीही सार्थकी लागेल. संग्रह काही केल्या मिळालाच नाही, तर एक चांगला जाड कागद घेऊन जा, त्यावर सही घ्या आणि पुढे प्रत हाती आली की तो पहिल्या पानाशी ठेवा. प्रकाशक लेखकाच्या सहीच्या चिकटवायच्या पट्ट्या पाठवतात, हा त्यातलाच प्रकार आहे.

जागेच्या वादात मी फार पडणार नाही. एक पातळ पुस्तक कुठेही मावतं. सगळ्या पुस्तकांचा छापील संच घ्यायचा मोह झाला, तर मात्र मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं बोलेन.

सही घेण्याच्या काही गोष्टी सांगते, ऐन वेळी धांदल होते म्हणून. सही आतल्या शीर्षकपृष्ठावर घ्या, जिथे पुस्तकाचं आणि लेखिकेचं नाव छापलेलं असतं. मुखपृष्ठावर नको, ते हाताळून झिजतं. ते पान आधीच उघडून, त्यात खूण घालून ठेवा. तुमचं नाव एका चिठ्ठीवर ठळक लिहून पानाला लावा. गोंगाटात नाव नीट ऐकू येत नाही, आणि चुकलेलं नाव शाईत गेलं की गेलंच. पेन स्वतःचं न्या. न पसरणाऱ्या, उन्हानं न उडणाऱ्या पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन सर्वांत बरं. जेल पेन गुळगुळीत कागदावर फिसकटतं, आणि जाड मार्कर पातळ पानाच्या पलीकडे उतरतो. सही झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका, आत एक कोरा कागद ठेवून मग मिटा. घरी उन्हापासून लांब ठेवा.

नुसती सही मागावी की नावासकट? पुस्तकं जमवणारे आणि पुढे विकणारे लोक नुसती सही पसंत करतात, कारण अनोळखी माणसाचं नाव असलं की त्यांचं गिऱ्हाईक कमी होतं. तुम्हाला विकायचं नाही. नाव घ्या, तारीख घ्या. आईचं नाव लिहायला सांगावंसं वाटलं तर तेही सांगा, लेखकांना अशी विनंती नवी नसते.

आता राहिली ती तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट, लेखिकेला खरं सांगावं की नाही. सांगा. छापील पुस्तकावर प्रेम करणारे लेखक पुष्कळ आहेत, पण आपलं लिखाण कुणी दुखऱ्या डोळ्यांनी, टाइप मोठा करकरून शेवटपर्यंत वाचलं हे ऐकून दुखावला जाईल असा लेखक मला तरी भेटलेला नाही. ज्यांना छापील पान वाचता येत नाही अशा माणसांसाठी २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेशला देशादेशांमध्ये करार झाला, की त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकांच्या प्रती करताना आणि देशाबाहेर पाठवताना कॉपीराइट आडवा येऊ नये. पुस्तक माणसापर्यंत पोचावं यासाठी एवढी खटपट झाली आहे. तुमच्यापर्यंत ते रीडरमुळे पोचलं, यात लपवण्यासारखं काय आहे?

बोलायला वेळ मात्र थोडा असेल. मागची रांग लांब असते, शेजारी उभा असलेला माणूस पुढच्या वाचकाला खूण करत असतो, आणि अशा वेळी ‘तुमचं सगळं वाचलंय’ एवढंच म्हणून आपण बाजूला होतो. हे वाक्य त्या दिवशी त्यांनी अनेकदा ऐकलेलं असेल. तुम्ही संग्रह पुढे करा आणि मला लिहिलंत तेच सांगा, की आईच्या उशाशी, दिवा न लावता, हे पुस्तक स्क्रीनवर वाचलं आणि आज पहिल्यांदा ते कागदावर हातात घेतलं आहे. एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. गळा दाटून येईल अशी धास्ती वाटत असेल तर घरूनच चार ओळी लिहून न्या आणि सही झाल्यावर ती चिठ्ठी त्यांच्या हाती द्या. पत्ता किंवा नंबर लिहू नका, म्हणजे उत्तर द्यायचं ओझं त्यांच्यावर राहणार नाही.